घरीं बांधलेल्या संगणकाची वीज

‘घर पाहावें बांधून’ अशी मराठींत म्हण आहे, ती उगीच पडलेली नाहीं. घर बांधतांना दारा-खिडक्यांची हौस पुरविणें सोपें असतें; परंतु पाया किती खोल घ्यावा आणि पाणी कोठून आणावें या दोन प्रश्नांवर बांधणाऱ्याची खरी परीक्षा होते. सुटे भाग जोडून स्वतःचा पहिला संगणक उभा करणाऱ्याचीही तीच कथा आहे. नांदेडच्या किंवा लातूरच्या बाजारांत असे भाग घ्यावयास गेलेला विद्यार्थी प्रथम प्रोसेसर पाहतो, मग मेमरी, मग पडदा. आणि हातचे पैसे संपत आले म्हणजे कॅबिनेटाबरोबर जो वीजपुरवठ्याचा डबा मिळेल तो मुकाट्यानें घेतो. या डब्याला पुस्तकांत पॉवर सप्लाय व बाजारांत एसएमपीएस म्हणतात. यंत्र किती वेगानें काम करील हें प्रोसेसर ठरवितो खरें. पण तें यंत्र कोणत्या गांवीं, कोणत्या ऋतूंत आणि किती वर्षें चालेल, हें बरेंचसें हा दुर्लक्षित डबा ठरवितो.

हा डबा कसा निवडावा, या प्रश्नाला एक इतिहास आहे. ज्यानें ज्यानें आपलें पहिलें यंत्र स्वतः बांधलें, त्याला त्याला दोन गोष्टी आधीं जाणून घ्याव्या लागल्या: आंतील यंत्राची भूक किती, आणि बाहेरून येणाऱ्या विजेचा स्वभाव कसा. भूक सर्व जगांत सारखी असते. ती यंत्राबरोबरच्या कागदावर छापून येते. स्वभाव मात्र गांवोगांवचा निराळा असतो, आणि तो कोणत्याही कागदावर छापलेला नसतो.

प्रथम या डब्याचें काम काय तें पाहूं जातां असें दिसतें कीं, भिंतीवरच्या सॉकेटांतून येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते आणि ती सेकंदाला ५० वेळां उलटसुलट आवर्तन करते. संगणकाच्या आंतील सूक्ष्म भागांना हिचा उपयोग नाहीं. त्यांना एकाच दिशेनें वाहणारा, अल्प दाबाचा आणि अत्यंत स्थिर असा प्रवाह लागतो: कोठें १२ व्होल्टांचा, कोठें ५ व्होल्टांचा, कोठें ३.३ व्होल्टांचा. धरणाच्या कालव्याचें पाणी तसेंच वाफ्यांत सोडलें तर वाफा वाहून जातो. मध्यें चारी आणि पाटाचीं दारें लागतात. भिंत आणि संगणक यांच्यामधील चाऱ्या व दारें म्हणजेच हा वीजपुरवठ्याचा डबा.

संगणकाच्या पुष्कळ आधीं हा प्रश्न रेडिओनें उपस्थित केला. १९२० नंतरच्या दशकांत हौशी लोक जे संच घरीं जोडीत, ते बॅटरीवर चालत. व्हॉल्व्हचा तंतू तापविण्यास कमी दाबाची एक बॅटरी आणि व्हॉल्व्हमधून प्रवाह ओढण्यास साधारण ९० व्होल्टांची दुसरी, असा दुहेरी खर्च असे. कानडांत एडवर्ड रॉजर्स यानें १९२५ सालीं भिंतींतील विजेवर थेट चालणारा रेडिओ बाजारांत आणला, तेव्हां बॅटरी विकणाऱ्यांचें धाबें दणाणलें. फिलाडेल्फिया स्टोरेज बॅटरी या अमेरिकन कंपनीनें मग काळाचीं पावलें ओळखून बॅटरीऐवजीं लावावयाचे पुरवठ्याचे डबेच विकण्यास आरंभ केला. हीच कंपनी पुढें फिल्को या नांवानें रेडिओच्या धंद्यांत प्रसिद्धीस आली. घरांत यंत्र चालविण्यासाठीं वेगळा वीजपुरवठ्याचा डबा विकत घेण्याची रीत अशी शंभर वर्षांची जुनी आहे.

परंतु ही सोय ज्याच्या घरीं वीज आहे त्याचीच. नांदेड व लातूर हीं दोन्हीं शहरें १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतीं. त्या संस्थानांत वीज प्रथम राजधानींत व मग मोजक्या शहरांत आली. मराठवाड्यांतील खेड्यांत स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षें कंदिलाचेंच राज्य होतें. तेथें रेडिओ पोंचला तो बॅटरीचा. आणि बॅटरी उतरली कीं ती भरून आणण्यासाठीं वीज असलेल्या गांवाची वाट धरावी लागे. यंत्र विकत घेणें ही एक गोष्ट आणि तें चालतें ठेवणें ही दुसरी, हा धडा मराठवाड्यानें संगणक येण्यापूर्वींच शिकून ठेवला होता.

संगणक स्वतः बांधण्याचा पहिला मोठा प्रयोग आपल्या राज्यांत मुंबईस झाला. होमी भाभा यांनीं स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुणांच्या एका गटानें १९५६ सालीं नमुन्याचें एक लहान यंत्र चालू करून दाखविलें, आणि १९६० सालीं पूर्ण आकाराचा संगणक कामास लाविला. १९६२ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण झालें. नरसिंहन् यांच्याखेरीज या गटांतील कोणीं पूर्वीं संगणक वापरलेलाही नव्हता. त्या अर्थानें तो खरोखरच घरीं बांधलेला पहिला संगणक होय. त्यांत सुमारें २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते.

या आंकड्यांकडे वीजपुरवठ्याच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे बांधणाऱ्यांपुढील कोडें ध्यानांत येतें. त्या काळच्या साधारण लहान व्हॉल्व्हचा तंतू तापविण्यास दोनएक वॉट लागत. २,७०० व्हॉल्व्हचा हिशेब केला तर एक बेरीज करण्यापूर्वींच पांच किलोवॉटांहून अधिक वीज केवळ तंतू लाल करण्यांत जाणार. शिवाय ती सारी उष्णता खोलींतून बाहेर काढण्यास पंखे व गार हवा लागणार, ती निराळीच. अमेरिकेंत १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एनिआक या यंत्रांत सुमारें १८,००० व्हॉल्व्ह होते आणि त्याला १५० किलोवॉट वीज लागे. अशा यंत्रांतील व्हॉल्व्ह बहुधा तें चालू करतांना किंवा बंद करतांना जळत. कारण थंड तंतूवर एकाएकीं दाब आला म्हणजे तो तुटे. म्हणून तीं यंत्रें शक्य तों बंदच करीत नसत. म्हणजे अखंड वीज ही तेथें चैन नव्हती, तर यंत्राच्या आयुष्याचीच अट होती. मुंबईला ती अट पाळतां येण्यासारखी होती; टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रानें १९१५ पासूनच त्या शहराला विजेची संवय लाविली होती. त्याच यंत्राला नांदेडला तशी वीज त्या वर्षीं मिळाली नसती. संगणक प्रथम कोठें बांधला जावा हें असें बुद्धीइतकेंच विजेनेंही ठरविलें.

खऱ्या अर्थानें घरांत, टेबलावर बांधावयाचा संगणक आला तो जानेवारी १९७५ मध्यें. त्या महिन्यांत अमेरिकेंतील एका लोकप्रिय मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ या संचाचें चित्र झळकलें. सुटे भाग ३९७ डॉलरला मिळत व ते ज्यानें त्यानें डाग देऊन जोडावयाचे असत. त्याचा वीजपुरवठा जुन्या पद्धतीचा होता. लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर भिंतीचा दाब उतरवी, डायोड त्याला एका दिशेस लावीत, आणि साधारण ८ व्होल्टांचा ओबडधोबड प्रवाह प्रत्येक कार्डापर्यंत जाई; तेथें तो गाळून ५ व्होल्टांवर आणला जाई. मधले ३ व्होल्ट नुसते उष्णतेंत जात. ही पद्धति विश्वासू खरी, परंतु जड, उधळी आणि एका बाबतींत हटवादी. भिंतीचा दाब घसरला तर पलीकडचाही त्याच प्रमाणांत घसरे. तो पुरेसा उरला नाहीं कीं यंत्र थांबे. दाब वाढला तर सारा अधिक भाग उष्णता होऊन बाहेर पडे.

दोन वर्षांनीं, १९७७ सालीं, ‘ॲपल दोन’ हा संगणक आला. त्याचा वीजपुरवठा रॉड हॉल्ट या अभियंत्यानें निराळ्या रीतीनें रचिला. ती रीत त्यापूर्वींही मोठ्या यंत्रांत वापरली गेली होती. पण घरगुती संगणकांत तिचा लौकिक येथून झाला. तिची युक्ति अशी: प्रथम भिंतींतील वीज तशीच एका दिशेस लावावयाची. २३० व्होल्टांच्या विजेचें असें केल्यास सुमारें ३२५ व्होल्टांचा एकदिश प्रवाह मिळतो. मग एका ट्रान्झिस्टरानें त्या प्रवाहाचे सेकंदाला हजारों तुकडे करावयाचे. आवर्तनें जितकीं जलद, तितका ट्रान्सफॉर्मर लहान चालतो; म्हणून शेरभर लोखंडाच्या जागीं मुठींत मावेल एवढा गाभा पुरतो. शेवटीं जो अल्प दाबाचा प्रवाह बाहेर पडतो, त्यावर एक मंडळ सतत नजर ठेवतें आणि दाब कमी वाटला तर तुकडे रुंद करतें, जास्त वाटला तर अरुंद करतें. ‘ॲपल दोन’चा हा डबा सर्व मिळून ३८ वॉट देई आणि त्याला पंखा लागत नसे. बाजारांतील एसएमपीएस या अक्षरांचा उगम हाच: उघडझाप करून वीज पुरविणारा डबा.

ज्या देशांत ही रीत रूढ झाली तेथें तिचा हेतु वजन आणि उष्णता कमी करण्याचा होता. तेथील भिंतींतील वीज बहुधा स्थिरच असे. परंतु जेथें ती स्थिर नव्हती, तेथें या रीतीचा एक गुण अनायासें उपकारक ठरला. बाहेरचा दाब घसरला तरी तुकड्यांची रुंदी वाढवून आंतील दाब जसाच्या तसा राखण्याची शक्ति तिच्यांत होती. कोण्या दूरच्या शहरांत पंख्याचा आवाज टाळण्यासाठीं केलेली योजना मराठवाड्यासारख्या मुलखांत संगणक पोंचण्यास मदत करूं शकली, ती अशी.

त्या मुलखाची वीज आतां पाहावयास हवी. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि २० जून १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झालें. बीड जिल्ह्यांतील परळी वैजनाथ येथें १९७१ सालीं ३० मेगावॉटांच्या संचानें औष्णिक केंद्राचा आरंभ झाला. पुढें तेथें २१० मेगावॉटांचे मोठे संच आले. ही वीज राज्याच्या जाळ्यांत मिसळते, ती एकट्या मराठवाड्याची नव्हे. तरी घराजवळ वीज तयार होऊं लागली हें लहान गोष्टीइतकें नव्हतें. मात्र औष्णिक केंद्राला कोळशाबरोबर पाणीही लागतें, आणि पाणी ही या भागाची कायमची विवंचना. २०१३ च्या दुष्काळांत व पुन्हां २०१५ सालीं पाण्याअभावीं परळीचें केंद्र बंद ठेवावें लागलें. २०१६ च्या एप्रिलांत तर लातूरला पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें.

वीज तयार झाली तरी ती घरापर्यंत येतां येतां अशक्त होते. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांप्रमाणें घरगुती विजेचा दाब ठरलेल्या आंकड्याहून शेंकडा ६ पेक्षां अधिक वर किंवा खालीं जाऊं नये, असें बंधन होतें. म्हणजे २३० व्होल्ट धरले तर २१६ ते २४४ च्या दरम्यान राहावा. परंतु तारा लांब असल्या आणि एकाच वेळीं अनेक विहिरींवरचे पंप सुरू झाले, तर तारेच्या टोकाच्या घराला बराच कमी दाब मिळतो, आणि पंप एकदम बंद झाले कीं तो उसळी घेतो. शिवाय भारनियमन होतेंच. जून २००५ मध्यें विद्युत् मंडळाचें विभाजन होऊन वाटपाचें काम महावितरणकडे आलें, त्याच्या आगेंमागें राज्यांत विजेची तूट वाढली. ज्या भागांत गळती अधिक व वसुली कमी, तेथें वीज अधिक तास बंद, असा क्रम लागला. खेड्यांना आणि लहान शहरांना त्याचा भार विशेष सोसावा लागला.

याच वर्षांत येथील तरुण संगणकाकडे वळत होते. नांदेडला १९८१ सालीं श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नांवाचें अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें, लातूरला १९८३ सालीं बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालें, आणि १९९४ सालीं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला स्थापन झालें. २००१ सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघालें व संगणकाचें प्राथमिक शिक्षण तालुक्याच्या गांवांपर्यंत गेलें. १९९० नंतर तयार संगणकाची किंमत न परवडणारे लोक देशभर सुटे भाग जोडून काम भागवूं लागले होते. शिकण्याची उमेद आणि जोडण्याचें कसब हीं दोन्हीं वाढत असतां वीज मात्र त्यांच्या वेगानें सुधारत नव्हती. त्या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचें काम, दुकानांत सर्वांत शेवटीं घेतल्या जाणाऱ्या त्या डब्यावर येऊन पडलें.

तो डबाही मधल्या काळांत बदलत गेला, आणि या बदलांत निवड करणाऱ्यास फसविणारी एक खोंच आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीला ६३.५ वॉटांचा पुरवठा होता. १९८४ च्या एटीला १९२ वॉटांचा झाला. १९९५ सालीं इंटेलनें एटीएक्स ही रचना प्रसिद्ध केली, तिच्यांत ३.३ व्होल्टांची तार आली, आणि यंत्र ‘बंद’ असतांही ५ व्होल्टांचा एक बारीक प्रवाह जागता राहूं लागला. २००० च्या सुमारास प्रोसेसर आपली वीज ५ व्होल्टांऐवजीं १२ व्होल्टांच्या तारेंतून घेऊं लागले. तेव्हांपासून यंत्राचें पोट मुख्यतः या १२ व्होल्टांच्या, पिवळ्या तारेवर भरतें. परंतु जुन्या रचनेचे, ५ व्होल्टांवर अधिक शक्ति देणारे डबे बाजारांतून नाहींसे झाले नाहींत. त्यांच्यावर ४५० वॉट असें ठळक छापलेलें असतें. पण बाजूच्या बारीक अक्षरांत १२ व्होल्टांपुढें १६ अँपियर एवढेंच असलें, तर खरी उपयोगी शक्ति बारा सोळे एकशें ब्याण्णव वॉट. तेवढ्याच आंकड्याच्या चांगल्या डब्यावर तेथें ३६ अँपियरच्या आसपास आंकडा असतो. म्हणजे ४३२ वॉट. म्हणून ठळक आंकडा सोडून बारीक आंकडा वाचावा, हा निवडीचा पहिला नियम.

दुसरा नियम भूक मोजण्याचा. ६५ वॉटांचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर जोराच्या क्षणीं ९० वॉटांच्या घरांत जाऊं शकतो. मदरबोर्ड, मेमरी, डिस्क व पंखे यांना मिळून ५० वॉट धरले, तर १४० वॉट झाले. वेगळें ग्राफिक कार्ड घ्यावयाचें असेल व तें १५० वॉटांचें असेल, तर बेरीज २९० होते. यावर तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक सवड ठेविली कीं सचोटीचा ४०० ते ४५० वॉटांचा डबा पुरतो. त्याहून फार मोठा घेण्यानें यंत्राचा वेग वाढत नाहीं. केवळ पैसे जातात.

तिसरा नियम उधळपट्टीचा. आंतील यंत्राला २०० वॉट हवे असतील, तर शेंकडा ८० कार्यक्षमतेचा डबा भिंतींतून २५० वॉट घेतो. शेंकडा ६५ चा घेतो ३०८. रोज सहा तास यंत्र चालविलें, तर या ५८ वॉटांच्या फरकानें महिन्याला दहा युनिटें वाढतात. पण वीजबिलापेक्षां मोठी हानि निराळीच आहे: पहिल्या डब्यांत ५० वॉट उष्णता होते, दुसऱ्यांत १०८. नांदेड-लातूरच्या वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर असतां ही अधिक उष्णता डब्यांतील कपॅसिटरांना सोसत नाहीं. या प्रकारच्या कपॅसिटरचें आयुष्य दर १० अंश वाढीस जवळजवळ निम्म्यानें घटतें. कार्यक्षमतेची ‘८० प्लस’ ही खूण २००४ सालीं निघाली, ती म्हणून केवळ काटकसरीची नव्हे, दीर्घायुष्याचीही आहे. डब्याची पूर्ण शक्ति किती तपमानापर्यंत मिळते, हें उत्तम डब्यांच्या पत्रकांत लिहिलेलें असतें; तेथें २५ अंश असले तर तो आंकडा मराठवाड्याच्या उन्हाळ्याला लागू नाहीं, ४० किंवा ५० असले तर आहे.

चौथा नियम विजेच्या स्वभावाचा, आणि येथें या भागाचा अनुभव पुस्तकाहून मोलाचा ठरतो. कमी दाब सोसण्याची एसएमपीएसची शक्ति फुकट मिळत नाहीं. तो भिंतींतून ठरलेलेंच काम करून घेतो. २३० व्होल्टांवर २५० वॉटांसाठीं १.०९ अँपियर लागत असतील, तर १८० व्होल्टांवर १.३९ लागतात. प्रवाह वाढला कीं डब्याचे तोंडाकडील भाग अधिक तापतात. म्हणून ज्याच्यावर १०० ते २४० व्होल्ट अशी विस्तीर्ण मर्यादा लिहिलेली आहे, असाच डबा तारेच्या टोकाच्या घरीं घ्यावा. जुन्या डब्यांच्या पाठीवर ११५ व २३० असे आंकडे असलेली तांबडी कळ असे. आपल्या देशांत ती ११५ कडे सरकली आणि वीज लाविली तर आंतील भाग फुटून जात. विस्तीर्ण मर्यादेच्या डब्याला ही भीतीच नाहीं.

वीज क्षणभर जाऊन परत येणें हें पूर्ण जाण्याहून वाईट. चांगला डबा भिंतींतील वीज तुटल्यावरही आपल्या कपॅसिटरांतील साठ्यावर सुमारें १६-१७ मिलिसेकंद पुरवठा चालू ठेवतो. आपल्या विजेचें एक आवर्तन २० मिलिसेकंदांचें, त्याहूनही हा काळ थोडा कमी. साधा यूपीएस बॅटरीकडे वळण्यास कांहीं मिलिसेकंद घेतो. तेवढा काळ डब्यानें दम धरला पाहिजे. पुष्कळ घरीं यूपीएस असूनही वीज जातांच संगणक बंद पडून पुन्हां सुरू होतो, आणि दोष यूपीएसला दिला जातो. वस्तुतः उन्हाळ्यांनीं वाळलेल्या स्वस्त डब्यांतच दम उरलेला नसतो. अर्धा लिहिलेला प्रबंध किंवा दुकानाचा हिशेब त्या क्षणीं नाहींसा होतो, त्याची किंमत डब्यांत वांचविलेल्या रकमेहून कितीतरी अधिक असते. यूपीएस घेतांनाही ठळक आंकड्यानें फसूं नये: ६०० व्हीए असें लिहिलेला यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो. शिवाय कांहीं नव्या डब्यांना यूपीएसची पायऱ्या-पायऱ्यांची लहर मानवत नाहीं. म्हणून दोन्हीं वस्तु एकत्र लावून पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

पांचवी गोष्ट दुकानांत मिळत नाहीं. ती घरांतच करावी लागते. अर्थिंग नसलेल्या घरांत संगणकाच्या पत्र्याला हात लागतांच मुंग्या येतात, आणि लोक यंत्र खराब आहे असें समजतात. डब्यांतील दोन लहान कपॅसिटर विजेंतील गोंगाट जमिनींत सोडण्यासाठीं बसविलेले असतात. जमिनीची वाट नसली म्हणजे त्यांच्यामुळें पत्र्यावर भिंतीच्या दाबाच्या निम्मा दाब उभा राहतो. तिसरी पिन कापून टाकणें हा त्यावर उपाय नव्हे, तेंच त्याचें कारण आहे. तसेंच, एटीएक्सपासून यंत्र बंद असतांही डबा जागा राहतो, हें ध्यानांत घेऊन वळवाच्या विजा कडाडूं लागतांच प्लग काढून ठेवावा.

या सर्व इतिहासाचें तात्पर्य एवढेंच निघतें कीं, वीजपुरवठा हा यंत्राचा शेवटचा भाग नसून पहिला आहे. टिफ्रॅक बांधणाऱ्यांना हें पहिल्या दिवसापासून ठाऊक असलें पाहिजे, कारण हजारों व्हॉल्व्हची उष्णता त्यांच्या डोळ्यांसमोर होती. आजच्या यंत्राची भूक लहान झाली, डबा पत्र्याआड गेला, आणि त्याबरोबर त्याचा विचारही आड गेला. परदेशांतील मार्गदर्शक पुस्तकें भूक कशी मोजावी तें उत्तम सांगतात. कारण तेथील लेखकाला भिंतींतील विजेची चिंता करावी लागत नाहीं. नांदेडच्या किंवा लातूरच्या मुलानें तीं पुस्तकें अवश्य वाचावींत; पण यादीच्या आरंभींच आपल्या घरचा दाब दुपारीं किती असतो आणि पंप सुरू झाल्यावर किती उरतो, हें मीटर लावून दोन-चार दिवस लिहून ठेवावें. तो कागद घेऊन जो दुकानांत जाईल, त्याला ठळक आंकडा भुलविणार नाहीं. आणि थोड्या पैशांचा प्रोसेसर घेऊन त्यानें चांगला डबा घेतला, तरी त्याचा सौदा तोट्याचा ठरणार नाहीं. प्रोसेसर पुढें बदलतां येतो. जळालेलें यंत्र आणि गेलेलें काम परत मिळवितां येत नाहीं.